साडेपाच फेरे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ट्रकचं स्टेअरिंग. मी ट्रकखाली उताणा, बायको वर केबिनमध्ये, पदर खोचून, ड्रायव्हरच्या जागी.

ट्रक आमच्या लग्नाइतका जुना, लांब नाकाचा. कात्रजच्या घाटातून त्यानं विटा वाहिल्या, कांदे वाहिले, लोकांची वऱ्हाडं वाहिली. मग अंगणात उभा राहिला तो राहिलाच. मुलाला त्या जागी मोटार लावायची होती. म्हणायचा, भंगारात द्या. बायको मला म्हणाली, "चालता करा तुम्ही. चालत्या गाडीला भंगार कोण म्हणतं ते बघते." जुनं स्टेअरिंग तडकलेलं, खालच्या बॉक्सचे दात झिजलेले. जुन्या पार्टच्या दुकानातून दोन्ही दुसरे आणले.

ह्या कामात एक चुकलं की सगळं चुकतं. बॉक्सपासून चाकांकडं जाणारा खालचा आर्म जोडायच्या आधी स्टेअरिंग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवायचं, फेरे मोजायचे आणि निम्म्यावर आणून थांबायचं. मग पुढची चाकं सरळ धरून आर्म आवळायचा. फेरा कुठं पुरा होतो ते कळायला खूण लागते. खडू सापडेना. तिनं कपाळावरची टिकली काढून स्टेअरिंगला चिकटवली.

"साडेपाच," ती वरून म्हणाली.

"पाच."

"अहो, साडेपाच हायेत. मोजले की मी."

"लोकांचं दूध मापतेस तसं मोजलंस. ह्या गाडीला पाचच असतात. अडीचवर आण आणि गप बस."

"आणते. बॉक्स दुसऱ्या गाडीचा, फेरे तुमच्या आठवणीतले. व्हा पुढं."

मी आर्म आवळला. गाडी सुरू केली. उजवीकडं चांगली वळली, डावीकडं मधेच अडली. आमच्या फाटकातून डावीकडंच निघावं लागतं. ती पायरीवर उभी होती, म्हणाली, "आता बोला."

मी बोललो. "तुझ्यामुळं झालं. धड मोजता येत नाही. जा, चहा टाक."

ती गेली. आधण ठेवलं, ओट्याला टेकून खाली बसली, आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. आधण उकळून उकळून भांडं कोरडं झालं होतं. ते मीच उतरवलं.

संध्याकाळी न्यायची होती. बाया जमल्या. म्हणायला लागल्या, सवाष्ण गेली, पुण्यवान बाई. मेलेलीचं पुण्य ह्यांना लांबून दिसतं. एक म्हणाली, "कपाळ मोकळं कसं हो हिचं?" आणि रुपयाएवढं कुंकू लावलं. टिकली कुठं आहे ते मला माहीत होतं. बोललो नाही. ते सांगायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. मुलगा रडत होता. रडता रडताच भावकीला म्हणाला, ट्रक हलवायला पाहिजे, माणसं बसवायला जागा नाही.

आता शहरात दुसऱ्याच दिवशी सावडतात. सकाळी उजाडल्याबरोबर मी ट्रकखाली शिरलो, आर्म सोडवला. वर चढून बसलो. स्टेअरिंग डावीकडं टोकाला नेलं आणि टिकलीवर नजर ठेवून मोठ्यानं मोजत आलो. पाच झाले तरी फिरतच होतं. आणखी अर्धा फेरा जाऊन अडलं. परत डावीकडं नेलं, परत मोजलं. साडेपाच.

तिचा धाकटा भाऊ अंगणात आला. "दाजी, लोक खोळंबलेत. आजच्या दिवशी कुणी गाडी दुरुस्त करतं का?"

"तुझी बहीण बरोबर होती."

"कशात?"

"मोजण्यात. मी तिच्यावर ढकललं."

मी पावणेतीनवर आणलं, खाली जाऊन आर्म बसवला, नट अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून आवळला. हात तेलाचेच होते, धुतले नाहीत. गाडी सुरू केली आणि फाटकातून डावीकडं घातली. एका दमात वळली.

रस्त्यावर थांबवून मेव्हण्याला म्हणालो, "बस." सावडायला ट्रकनंच गेलो.