भरलेल्या गाडीचं माप

शिवलिंगअप्पांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. अक्षरशः! आयटीआयचा दाखला फायलीत घालून मी दूध संघाच्या वर्कशॉपात हजर व्हायला गेलो, तेव्हा एका गाडीखालून नुसते दोन पाय बाहेर दिसत होते. मी त्या पायांना नमस्कार केला आणि म्हणालो, "नवीन फिटर आलोय." आतून आवाज आला, "आलास तर सतरा नंबरचा पाना दे." घाईत मी एकोणीसचा दिला. पाना परत बाहेर आला आणि हात तसाच उघडा थांबून राहिला. मी योग्य पाना दिल्यावर तो आत गेला.

अप्पांनी पंच्याहत्तरी गाठली म्हणून हा ग्रंथ निघतो आहे आणि संपादक मंडळाने माझ्याकडे 'अप्पांचे कार्य' हा विषय सोपवला आहे. कार्य काय म्हणून लिहू? खुद्द अप्पांना विचारलं, तर "नट आवळले" एवढंच म्हणतील. मी अडतीस वर्षं त्यांच्या हाताखाली आणि नंतर त्यांच्या खुर्चीवर काढली. लिहायला पुष्कळ आहे. पण एक गोष्ट इतकी वर्षं छातीवर धोंड्यासारखी घेऊन बसलोय. ती आधी लिहितो, नाहीतर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. पाटोद्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वस्त्या आमच्या संघाला दूध घालत. त्यांच्या विहिरी आटल्या. सरकारी टँकर पायथ्याच्या गावापर्यंत यायचा, पुढे वाटच नव्हती. मग संघाने ठरवलं, आपल्या सभासदांना पाणी आपण पोचवायचं. लष्कराच्या लिलावातली, मागे ट्रकसारखा मोठा हौदा असलेली एक जुनी गाडी अंगणात पडून होती, चारही चाकांनी ओढणारी. पण वरच्या वस्तीच्या वाटेवर धोंडे असे, की तिचं पोट घासायचं. अप्पा वर्कशॉपचे मुख्य मिस्त्री; त्यांनी स्प्रिंगला जास्तीचे पाटे टाकून ती सहा-आठ बोटं उंच केली.

गाडी उंच झाली आणि पुढचा शाफ्ट तोकडा पडला. गियरपेटीचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेतो तो हा फिरता दांडा. तो नसेल तर पुढची चाकं नुसती सोबतीला असतात. मागच्या दोन चाकांवर पाणी भरलेली गाडी चढाच्या मध्यावर जाऊन मागे घसरायला लागे. नवा लांब शाफ्ट करून घेणं आलं.

अप्पा त्याचे जॉइंट आणायला जामखेडला निघाले. जाताना मला म्हणाले, "माप मी आल्यावर घेऊ." पण माझ्या अंगात आयटीआय शिरलेलं! मी म्हटलं, आपणच घेऊन टाकू, अप्पा खूश होतील. खाली आरामात झोपता यावं म्हणून जॅक लावून गाडीचं तोंड उचललं, टेप धरली आणि माप लेथवाल्याकडे धाडलं. अप्पा परत आले तेव्हा शाफ्ट तयार होता. शाबासकीसाठी मी पाठ पुढे करूनच उभा होतो म्हणा ना.

आम्ही शाफ्ट चढवला. मी जॅक खाली घ्यायला लागलो, चाकं जमिनीला टेकली, आणि आतून कर्र असा आवाज आला.

"थांब बे! वर घे, वर घे!"

मी वर घेतली. गाडी उचलली की चाकं खाली लटकतात आणि अंतर वाढतं. वजन चाकांवर आलं की तेच अंतर कमी होतं. माझा शाफ्ट लटकत्या चाकांच्या मापाचा. त्याला आता मागे सरायला जागाच नव्हती, तो सरळ गियरपेटीत घुसायला बघत होता. आणखी दोन बोटं खाली आली असती तर पेटी फुटली असती. तसली पेटी त्या काळी बीड जिल्ह्यात शोधून मिळाली नसती.

अप्पांनी एवढंच विचारलं, "माप घेताना चाकं लटकत होती का?"

"होय."

"बरं."

आणि दैव बघा, संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा त्याच दिवशी, त्याच अंगणात. मांडवात दोन गट एकमेकांवर तुटून पडले होते. तेवढ्यात वरच्या वस्तीच्या जिजामावशी उभ्या राहिल्या. चार म्हशींचं दूध घालणारी बाई. म्हणाल्या, "तुमचं भांडण चालू द्या. पर आमच्याकडं परवापासून पाणी न्हाई. गाडी कावून आली न्हाई तेवडं सांगा." चेअरमन तडक वर्कशॉपात आले, त्यांच्यामागे निम्मी सभा. शाफ्ट बघून त्यांनी विचारलं, "माप कुणी घेतलं?"

मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते, अजून कायम व्हायचो होतो. चेअरमन रागाचे लई कडक. मी हातातली टेप पाठीमागे लपवली.

अप्पा हात पुसत म्हणाले, "माप माझं चुकलं. आता ते परत घ्यायचंय, आन् त्याला तुमचं वजन लागतंय."

"माझं?"

"समद्यांचं. गाडी पाणी भरून चालणार, तर माप बी भरलेल्या गाडीचंच पाहिजे. पाणी कुठून आणू? पन्नास माणसं चढवा, झालं तीन हजार लिटर."

कोणीतरी म्हणालं, दगड भरू. अप्पा म्हणाले, "दगड चढवायला अर्धा दिस, उतरवायला अर्धा दिस. माणसं आपली आपण चढतेत."

सगळ्यांत आधी जिजामावशी चढल्या. मग काय, चेअरमनना चढावंच लागलं! सत्ताधारी डावीकडे, विरोधी उजवीकडे, अप्पांनी तोल बघून उभे केले. "हलू नका, माप हलतंय," असं अप्पा खालून ओरडले की वर दोन्ही गट श्वास धरून गप्प. आमच्या सभेत इतकी एकी मी ना आधी पाहिली, ना नंतर. अप्पांनी भरल्या गाडीचं माप घेतलं, सगळ्यांना उतरवून लटकत्या चाकांचंही घेतलं, आणि दोन्ही सोसेल असा, आत-बाहेर सरकणारा शाफ्ट लेथवर समोर उभं राहून करून आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायथ्याच्या गावात टँकरचं पाणी भरून निघालो. चढ लागला तसा मी कान देऊन बसलो. धोंड्यांवरून गाडी डुलत होती, पण आवाज नाही, हिसका नाही. पुढची चाकं ओढत होती. वर पोचलो तेव्हा हुश्श करून मी आधी ढसाढसा रडलो, लाज काय सांगायची. जिजामावशी पाईप धरून अप्पांना विचारत होत्या, "माजं वजन किती भरलं ओ काल?" अप्पा म्हणाले, "तुमी नसत्या चढल्या तर शाफ्ट बसत नव्हता."

उतरताना मी विचारलं, "अप्पा, माझं नाव का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "नाव सांगून नट ढिला होतो का बे? गाडी बघ." पुढच्या महिन्यात मी कायम झालो. कायम करण्याची शिफारसही त्यांचीच होती.

पण त्या सभेच्या इतिवृत्तात आजही लिहिलेलं आहे : 'मिस्त्रींच्या मापातील चुकीमुळे गाडीस विलंब झाला.' निवृत्त होताना मी ते पान काढून पाहिलं. अप्पांच्या साऱ्या नोकरीत त्यांच्या नावावर लागलेली तेवढी एकच चूक, आणि ती माझी.

म्हणून या ग्रंथात मी दुरुस्ती मांडतो : माप मिस्त्रींनी नव्हे, मी घेतलं होतं. त्या दिवशी गाडीत उभे असलेल्यांपैकी जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी अनुमोदन द्यावं. सूचक म्हणून मी खाली सही करतो आहे, आणि आज छाती हलकी झाली आहे.

हे वाचून अप्पा चिडणार, "कावून लिहिलंस बे?" म्हणून मला भर समारंभात झापणार. खुशाल झापावं. हात असेच धड राहोत, कान असेच तिखट राहोत, आणि माझं माप जिथे जिथे चुकेल तिथे "थांब बे!" म्हणायला अप्पा आणखी पुष्कळ वर्षं असोत.