बॅटरी माझ्या रुपयाने फुटली नव्हती

परवा सिहोऱ्याकडच्या आमच्या घरी सगळे जमले होते आणि माझं डोकं असं फिरलं, की अजून जागेवर आलेलं नाही. लिहून टाकते, म्हणजे मोकळी होईन.

नात पुण्यात नोकरी करते. विजेच्या गाड्या वायर न लावता चार्ज करायच्या, असलं काहीतरी काम... गाडी नुसती जमिनीतल्या एका पाटावर आणून उभी करायची. ती सांगत होती, मधे एखादं नाणं, किल्ली पडलेली असली तर ती भयंकर तापते. म्हणून अशी परकी वस्तू मशीनने आधी ओळखायची आणि चार्जिंग थांबवायचं. तेच ही मशीनला शिकवते.

एवढ्यात माझे धाकटे दीर हसायला लागले. "अवो, तुया आजीले घेऊन जा ना पुण्याले! वहिनीनं तं रुपया ठेवून अख्खी बॅटरी उडवली होती!" झालं, सगळे हसले. दर लग्नाकार्यात हसतात.

मी नाही हसले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दसऱ्याचा दिवस होता. ट्रॅक्टरची बॅटरी उतरली होती, ती काढून याच भाऊजींनी अंगणात चार्जिंगला लावली होती. तोवर बॅटरी तुमसरला न्यावी लागायची, चार्जर घरी नवाच आलेला... भाऊजींचा रुबाब काय विचारता!

दसऱ्याला आमच्याकडे विळे, नांगर, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा. बॅटरी ट्रॅक्टरचीच, म्हणून तिलाही हळदकुंकू वाहिलं. तिच्यापुढे पाट, पाटावर विड्याचं पान, पानावर सुपारी आणि एक रुपया. नमस्कार केला आणि पुऱ्या तळायला आत गेले.

मग बंदूक सुटावी तसा आवाज... धावत आले, तर बॅटरीचा वरचा भाग फुटलेला आणि भाऊजी डोळे दाबून ओरडताहेत. आतलं ॲसिड तोंडावर उडालं होतं. मी त्यांना ओढत विहिरीवर नेलं आणि बादलीमागून बादली पाणी डोळ्यांवर ओतलं. सदऱ्याची चाळण झाली, पण डोळे वाचले.

डोळे उघडल्यावर या माणसाचं पहिलं वाक्य काय? "वहिनीचा रुपया वरतं पडला."

सासूबाईंनी त्याच दिवशी माझ्या हातातलं पूजेचं ताट काढून घेतलं. "तुया हातची पूजा नाई पायजे आता मले. माया पोराची नजर गेली असती मंग?"

आणि मी ते खरं मानलं! सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो. मॅट्रिक झालेली बाई मी... दोन दिवस उपाशी राहून देवापुढे नाक घासलं.

तिसऱ्या दिवशी बैलांसाठी ढिगातून तणस, धानाचा पेंढा, ओढत होते, तर हाताला काहीतरी टणक लागलं. पाना. बॅटरीच्या तारा आवळायचा, भाऊजींचा पाना. आमच्या घरातला चमचा इकडचा तिकडे झाला तरी मला कळतो, मग पाना धानाच्या तणसात कसा जाईल? दोन्ही टोकांना लोखंड वितळून काळे खड्डे पडले होते.

तशीच बॅटरीपाशी गेले. तारा लावायच्या ज्या दोन शिशाच्या खुंट्या असतात, त्यांनाही कुणी चावा घेतल्यासारखं झालेलं. पाना वर आडवा ठेवून पाहिला... एका खड्ड्यात एक खुंटी, दुसऱ्यात दुसरी. अगदी नेमकी बसली.

दोन खुंट्यांमधे माझी एक वीत अंतर. माझा रुपया दोन बोटांचा! आणि तो तर बॅटरी फुटल्यावर पाट आवरताना मीच पानावरून उचलला होता, कुंकवासकट. भीतीपोटी त्याचा अर्थच डोक्यात शिरला नव्हता.

म्हणजे चार्जिंग चालू असताना भाऊजींनीच पाना वर टाकला. ठिणगी पडली, चार्ज होताना निघणारा वायू पेटला आणि बॅटरी फुटली. आणि ज्यांचे डोळे मी धुतले, त्यांनी नीट दिसायला लागल्याबरोबर पाना तणसात खुपसला...

सासूबाईंना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यांना कळलं, मी त्यांचा चेहरा पाहत होते ना! म्हणाल्या, "चूप राय. माया पोराले बदनाम कायले करून राहिली? मानसाच्या हातून होते कधी." आमच्या ह्यांनी सगळं ऐकलं आणि शेतावर निघून गेले.

पुरुषाच्या हातून "होते कधी." बाईच्या हातून झालं, की तिची पूजाच बाद!

ताट धाकट्या जाऊबाईंकडे गेलं ते गेलंच. सासूबाई गेल्या, तरी ते माझ्याकडे आलं नाही. इतके दसरे मी चुलीपाशी बसून बाहेरची आरती ऐकली. पाना पोथीच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता. का ठेवला, सांगता येणार नाही.

परवा सगळे हसत असतानाच मी उठले. पेटी उघडली, पाना आणला आणि नातीच्या हातात दिला. तिने दोन्ही टोकं निरखून पाहिली. "आजी, याच्याने शॉर्ट झालंय. तुझ्या रुपयाने कसं होईल?"

भाऊजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा पुसला. मग खाली पाहत म्हणाले, "माया होता तो पाना."

चार शब्द... आणि त्यांना चाळीस वर्षं लागली. मी काही विरघळले नाही. यंदाच्या दसऱ्याला पूजेचं ताट मी कुणाला मागणार नाही, सरळ उचलणार आहे.

जिवंतपणी हे कानावर पडलं, म्हणून देवाचे आभार मानते. भाऊजींचे मानणार नाही.