बाबांचे पाच स्टार

माझा धाकटा भाऊ घरी बसून अ‍ॅप बनवतो. आजवर एकच बनवलंय. औषधाची वेळ झाली की ते वाजतं. गोळी घेतली की ‘घेतली’ दाबायचं, नाहीतर ‘नंतर’; मग ते दर दहा मिनिटांनी पुन्हा वाजतं. बाबा रक्तदाबाची गोळी विसरतात म्हणून त्याने ते केलं आणि त्या नादात चांगली नोकरी सोडली. मी शिवणकाम करते. कापड बेतायच्या माझ्या टेबलाचं एक टोक त्याने बळकावलंय. कीबोर्डमध्ये खडूची भुकटी जाते म्हणून वर मलाच बोलतो. टेबल माझं आहे.

त्याने स्वतःला एक अट घालून घेतली होती: लोकांच्या स्टारची सरासरी तीनच्या खाली गेली की मुकाट्याने पुन्हा नोकरी धरायची. हे त्याने जेवताना बाबांच्या आणि माझ्या देखत जाहीर केलं. असल्या गोष्टी मनात ठेवाव्यात हे त्याला कधी कळलंच नाही. मत देणारे तेव्हा वीस होते आणि सरासरी बरोबर तीन.

ती मतं तो दात घासायच्या आधी वाचायचा आणि मग दिवसभर तोंड पाडून बसायचा.

"ताई, हे बघ. हा म्हणतो, गोळी घेतली तरी वाजतच राहतं, डोकं उठलं, एक स्टार. ही बाई म्हणते, एकदा वाजून गप्प बसतं, एक स्टार. मी आता काय करू?"

त्याने आधी आवाज कमी केला, मग वाढवला. चूक तुमचीच कशी आहे, हे दोघांनाही लांबलचक उत्तर लिहून समजावलं. दोघांचाही एकेक स्टार जागच्या जागी राहिला.

बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी पाच दिले होते. ‘अतिशय उपयुक्त. मुलगा हुशार आहे.’ भावाने ते छापून माझ्या आरशाशेजारी चिकटवलं. ब्लाउज घालून बघणाऱ्या बायकांना तेही वाचावं लागायचं.

शेवटी मी वैतागले. "गिऱ्हाईक बाही तोकडी झाली म्हणालं, तर मी लगेच बाही वाढवत नाही. घालायला लावते आणि हात वर करायला सांगते. बहुतेक वेळा खोट मुंढ्यात, बाही खांद्याला जोडतात तिथे, निघते. तू कुणाला अ‍ॅप वापरताना बघितलंयस?"

वर्षभरात एकदाही बघितलं नव्हतं.

घरात वापरणारं गिऱ्हाईक एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही दोघं बाबांच्या खोलीत जाऊन उभे राहिलो. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, केसाएवढे स्क्रू चिमट्यात धरले. फोन वाजला. त्यांचं बोट थरथरत ‘नंतर’कडे निघालं आणि टेकलं ‘घेतली’वर. दोन्ही बटणं एकमेकांना खेटून होती. फोन गप्प झाला. बाबांनी पेपर उघडला.

भावाने वाकून ती दोन बटणं बघितली. बोट उलटं पडलं असतं, तर गोळी घेऊनही फोन दर दहा मिनिटांनी वाजला असता. ते दोन एक-स्टारवाले एकाच दुखण्याचे होते.

मी बाबांच्या औषधांचा खण उघडला. अ‍ॅपच्या हिशेबाने महिन्याच्या सगळ्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. पाकिटात अकरा शिल्लक होत्या.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"बोट घसरतं, एवढं कळतं मला."

"मग सांगायचं ना!" भाऊ ओरडला.

बाबांनी पेपर खाली केला नाही. "सांगितलं असतं तर स्टार कापावे लागले असते. तू नोकरीवर गेला असतास. मग दिवसभर हिच्या मशीनची खडखड एकट्याने ऐकायची."

मला दोघांचाही इतका राग आला की मी तिथेच रडले.

भावाने उत्तरं लिहिणं थांबवलं. बटणं पडद्याच्या दोन टोकांना नेली आणि चुकून दाबलेलं मागे घ्यायची सोय केली. आठवड्याने बाबांनी आपलं मत बदललं: ‘तीन स्टार. आता खरंच गोळी घ्यावी लागते. बटणांचा रंग भडक आहे.’

सरासरी दोन पूर्णांक नऊ दशांश झाली. भावाने नवं मत छापलं आणि जुन्यावर चिकटवलं.

"मग नोकरीचं काय?" बाबांनी दारातून हळूच विचारलं.

"आधी रंग बघतो," भाऊ म्हणाला. "बसा इथे. फोन आणलाय ना?"