शेजारच्या काकूंचा फ्रीज

निरपेक्ष दारिद्र्य म्हणजे पोटाला, अंगाला, डोक्यावर पुरेसं नसणं. सापेक्ष म्हणजे चारचौघांपेक्षा कमी असणं. बारावीच्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवते. पोरं मुकाट लिहून घेतात. मला मात्र हटकून शेजारच्या काकूंचा फ्रीज आठवतो.

तेव्हा आम्ही केळापूरकडच्या एका खेड्यात राहायचो, मी आणि आई. कुडाच्या भिंती, वर टिन. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. वेचणी संपली की कामही संपायचं. घरकुलासाठी तिनं ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवले होते. शेवटी साहेब पाहणीला येणार असं कळलं, आणि नेमके त्याच दिवशी कळंबहून मला पाहायला पाहुणे. घ्या आता!

पाहुण्यांसाठी आईनं काकूंचा फ्रीज आणून भिंतीशी उभा केला. "पाहुणे सकाळी येतीन, साहेब दुपारी. तोवर देऊ उचलून," ती म्हणाली. पण आमच्याकडची एसटी कधी वेळेवर आली आहे का? पाहुण्यांच्या हातात पोहे आणि साहेब दारात! फ्रीज असला की घरकुल नाही, असा तेव्हा नियम होता.

"फ्रीज तुमचाच का?" साहेबांनी विचारलं.

घर की सोयरीक?

"आमचाच हाय," आई म्हणाली.

"नाही जी! शेजारच्या काकूचा हाय," मी ओरडलेच.

"पोरगी मजाक करून राह्यली," आई हसली.

साहेबांनी आईचं खरं मानलं, पाहुण्यांनी माझं. घरकुल गेलं, स्थळही गेलं. मान वर करून छप्पर पाहायचं सोडून फ्रीज पाहणाऱ्या त्या नियमाचा मला अजून संताप येतो. आईच्या हाताला बारमाही काम असतं, तर हे सोंग लागलंच नसतं.

पण त्या दिवशी मी आईवरच भडकले. "काहून खोटं बोलली तू? आता पावसाळ्यात काय करशीन?"

आई पोह्यांच्या बशा विसळत होती. "टिन गळलं तं खाली गंज-बकेट ठेवता येते, बाई," ती म्हणाली. "सासरी तुले रोज कमी लेखलं असतं, तं त्याच्या खाली काय ठेवलं असतं मी?"