वहिनी, जरा नाक द्या

बंबवाल्याला वास येत नव्हता. कुठलाच. त्याच्यासमोर भजी तळा नाहीतर मेलेला उंदीर ठेवा, तोंडावरची रेघ हलायची नाही. आणि असा माणूस दिवसभर पेट्रोलच्या गाडीखाली लोळायचा. म्हणून गाडी चालू करायची झाली की तो आधी आमच्या गेटला यायचा आणि हाक मारायचा, "वहिनी, जरा नाक द्या." मी गेटजवळच खुर्ची टाकून बसलेला असायचो. मला तो "जय भीम, दादा" म्हणायचा. हाक मात्र माझ्या डोक्यावरून आत, स्वयंपाकघराकडे. आमची ही हातातलं पीठ तसंच ठेवून निघायची. मी खुर्चीत. मला काय नाक नव्हतं?

आता तो गेला. गेलेल्या माणसाला 'ते' म्हणावं असं म्हणतात. जिवंतपणी त्याच्या माघारी मी कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर त्यालाच खोटं वाटेल.

बंबवाला हे नाव इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीनं ठेवलेलं. त्याच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना वाळूनं भरलेल्या लाल बादल्या असायच्या आणि भिंतीला ओलं पोतं टांगलेलं. तिथं कुणी बिडी पेटवली तर तो हातातली काढून विझवायचा, माणूस कितीही मोठा असो. एका दसऱ्याला शेजारचे लोक गाडीची पूजा करायला म्हणून आले. नारळ फुटला, हार घातला, तोवर ठीक. कुणी तरी ताटात कापूर लावला. ह्यानं ओंजळभर वाळू घेतली आणि ताटात ओतली. पेढ्यांसकट. वर म्हणतो कसा, "देवाला चालतं हो. पेट्रोलला चालत नाही."

मनमाडला रेल्वेत फिटर होता तो. लग्न केलेलं नव्हतं. मोठ्या तापात नाक गेलं ते परत आलं नाही. तिथंच त्यानं एक जीप जळताना बघितली होती. पेट्रोलची नळी सुटून गरम सायलेन्सरवर गळत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. त्यावर त्याचं एक ठरलेलं बोलणं असायचं. "पेट्रोल वाईट नाही, दादा. गरम लोखंडही वाईट नाही. दोघांची गाठ घालून देतो तो माणूस वाईट."

गाडी म्हणजे विलायती, उघडी, बुटकी, लांब नाकाची. शर्यतीच्या जातीची. पिंपळगावकडच्या एका द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. द्राक्षवाला म्हणाला, घेऊन जा, कोंबड्यांना दुसरी जागा बघू. बंबवाल्यानं ती टेम्पोत घालून आणली तेव्हा सगळी कॉलनी बघायला जमली. कुणी दिवे बघितले, कुणी तारांची चाकं. मी बसायच्या जागा बघितल्या. दोनच होत्या.

आता माझ्या बायकोचं नाक. ते खरंच वेगळं होतं, मी खोटं बोलणार नाही. दूध लागायच्या आधी तिला कळायचं. पलीकडच्या गल्लीत कुणाची डाळ करपली ते ती घरात बसून सांगायची. कुणाच्याही पोराच्या अंगाला हात न लावता ताप ओळखायची. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर आयुष्य काढलं आणि तिथंच तपकीर लागली. नाकात कोळशाची धूळ जाण्यापेक्षा तपकीर गेलेली बरी, असं आम्ही म्हणायचो. ती रोज सांगायची, सोडा. मी म्हणायचो, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

एकदा मी बोललोच. "बंबवाले, नाक मलाही आहे."

तो बॉनेटमध्ये वाकलेला. वर न बघता म्हणाला, "आहे ना. पण तपकिरीची डबी आहे ती, दादा. तिच्या भरवशावर मी जीव नाही टाकणार."

आमची ही एवढी हसली, एवढी हसली की पदर तोंडात धरावा लागला. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती तशी हसलेली मला आठवेना. मी डबी काढली आणि त्याच्यादेखत दोन चिमटी जास्त ओढली.

आता त्या फिल्टरची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच फिरलं. टाकी गाडीच्या मागं, इंजिन पुढं. मधल्या नळीत कचरा अडवायला गाळणी लागते, चहाला लागते तशी. तिला फिल्टर म्हणतात. बंबवाल्यानं तो काचेचा बसवला होता आणि बसवला होता पुढं, इंजिनाशेजारी, बॉनेट उघडलं की समोर दिसेल असा. आगीला एवढा भिणारा माणूस, पण हे त्याला बरोबर वाटलं. कारण त्याचं नाक गेलेलं. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर. काचेत पेट्रोल खेळताना दिसलं, आजूबाजूला कोरडं दिसलं, की त्याच्या जिवाला बरं वाटायचं. "दिसतंय ना, वहिनी? मग झालं," म्हणायचा.

ही एके दिवशी म्हणाली, "भाऊ, इथं वास येतो."

"कुठंय? कोरडं ठाक आहे."

"येतो. गाडी फिरवून आणून बंद केली की येतो. गार असताना नाही येत."

तो बोट फिरवून बघायचा, बोट कोरडं. बॅटरी लावून बघायचा, काही नाही. असं बरेच रविवार चाललं. ती हटायची नाही आणि तो चिडायचा नाही. माझ्यावर घरात असा वाद आला असता तर मी ताट सारलं असतं. हा मात्र दर वेळी नव्यानं वाकून बघायचा आणि म्हणायचा, "वहिनींना येतो म्हणजे असणार. मलाच सापडत नाही."

शेवटी तिनंच तोड काढली. जुन्या धोतराची पांढरी चिंधी फाडून दिली आणि म्हणाली, ही फिल्टरच्या जोडावर बांधा, मग गाडी फिरवून आणा. तो फिरवून आला, बॉनेट उघडलं, चिंधी सोडली. जोडाच्या बाजूला ओली कड धरली होती. फिल्टरच्या क्लिपमधून थेंब पाझरत होता, खालच्या तापलेल्या पाइपावर जात होता आणि डोळ्याला दिसायच्या आधी उडून जात होता. डोळा पोचेपर्यंत सगळं कोरडं.

बंबवाला वाळूच्या बादलीच्या काठावर बसला. चिंधी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाला, "त्या जीपवाल्याला मी शिव्या घातल्या होत्या. मीच बसवून ठेवलं होतं की हे, बघायला सोपं म्हणून."

त्यानंतर त्यानं पुढचा काचेचा फिल्टर काढून टाकला. पत्र्याचा बंद डबीचा आणला आणि तो मागं नेला, टाकीच्या जवळ, चेसीच्या आतल्या अंगाला. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, रस्त्यावरचा दगड उडून लागणार नाही असा आडोशाला, पट्टी मारून घट्ट. नळ्या सगळ्या नव्या, पेट्रोलच्याच, बागेतल्या पाण्याच्या नव्हेत. हे त्यानं मलाही ऐकवलं, कारण गेल्या वेळी मी आमची बागेची नळी देऊ केली होती. सगळं झाल्यावर गाडीखालून बाहेर आला, पाठ मातीनं भरलेली, आणि माझ्या बायकोला म्हणाला, "आता मला काही दिसत नाही, वहिनी. आता सगळं तुमच्या नाकावर."

हे मला लागलं. ती त्याच्या गाडीजवळ जायची म्हणून नाही. माझ्या बायकोच्या शब्दावर दुसऱ्या माणसानं आपले डोळे मिटून घेतले, म्हणून. ती काय सांगते ते ऐकायचं असतं, हे कॉलनीतल्या एका सड्या माणसाला कळलं आणि तो मान माझ्यासमोर त्यानं तिला दिला. मी खुर्चीत.

फिल्टर मागं जाईपर्यंत त्यानं गाडीत कुणाला बसवलं नव्हतं. आता तो गेटला आला आणि या वेळी हाक मला मारली. "दादा, वहिनींना त्रिरश्मी लेणीच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणतो. चालेल ना?"

मी म्हणालो, "बघू."

आतून ही पांढरी साडी नेसून आली, वंदनेला नेसायची ती, आणि म्हणाली, "बघून झालं असेल तर निघते मी."

गाडी कोपऱ्यावर वळली तशी मी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला म्हटलं, त्या लाल गाडीच्या मागं. तो म्हणाला, काका, मागं काय, पुढंच काढतो. आणि काढली. कारण बंबवाला ती शर्यतीची गाडी बैलगाडीसारखी हाकत होता आणि दर चौकाच्या पुढं थांबून माझ्या बायकोला खाली उतरवून मागं वास घ्यायला लावत होता. मी पायथ्याला जाऊन, दम खाऊन, उसाचा रस पिऊन बसलो तरी हे यायचे होते. आले तेव्हा हिचे केस वाऱ्यानं विस्कटलेले, तोंड उजळलेलं. नवी नवरी होती तेव्हाही मी तिला असं बघितलं नव्हतं.

"अहो, तुम्ही इथं कसे?"

"फिरत फिरत आलो."

"इंदिरानगरहून? मग चपलेला धूळ कशी नाही?"

बंबवाल्याला समजलं, पण तो हसला नाही. किल्ली पुढं केली. "दादा, जाताना तुम्ही दोघं गाडीनं जा. मी रिक्षानं येतो."

"चालवणार कोण? तुमची वहिनी?"

"शिकवा, चालवते," ही म्हणाली.

शेवटी ती परत त्याच्याच गाडीत बसून गेली. मी रिक्षात. रिक्षावाला वाटेत विचारत होता, काका, ते कोण? मी म्हटलं, पुढं बघून चालव.

पुढच्याच वर्षी ती आजारी पडली. पोटाचं होतं, डॉक्टरांनी फार आशा ठेवू दिली नाही. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून असायचो. ती गुंगीत, बोलत नव्हती. मी हाका मारायचो, कमळ, कमळ. काही नाही. बंबवाला भेटायला आला. हात धुऊन आला होता म्हणे, पण धुतल्यावर वास राहिला की गेला हे त्याला कसं कळणार? तो खाटेजवळ वाकला तशी तिच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "भाऊ, कुठं गळतंय?"

"कुठं नाही, वहिनी. हाताला लागलंय नुसतं."

"बघा नीट," म्हणाली आणि डोळे मिटले.

तिचं शुद्धीतलं शेवटचं बोलणं ते. उशाशी मी होतो. बोलली त्याच्याशी. मी त्याला दवाखान्याच्या जिन्यात म्हणालो, आता येऊ नका. तो बरं म्हणाला आणि रोज येऊन खालच्या बाकावर बसून जायला लागला.

ती गेल्यावर गाडीवर ताडपत्री पडली. वाळूच्या बादल्यांत मांजरं बसायला लागली. मी मनात म्हणालो, बरं झालं. मग एका रविवारी तो गेटला आला, सवयीनं तोंड उघडलं, "व..." मी खुर्चीतच होतो. गेटच्या दांडीला धरून म्हणाला, "दादा, नाक द्या."

"माझं? तपकिरीची डबी आहे ना ती?"

"वहिनी म्हणाल्या होत्या. लेणीवरून येताना. मी नसेन तेव्हा ह्यांचं नाक घ्या, म्हणजे तपकीर तरी सुटेल."

मला राग आला. मरणाचं बोलणं ती त्याच्याशी बोलली होती, गाडीत बसून, मी मागं रिक्षात असताना. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही बघू म्हणाला असता."

डबी मी त्याच दिवशी गटारात टाकली. तिच्यासाठी टाकली की त्याला दाखवायला, ते मला नीट सांगता येणार नाही. पहिले काही आठवडे डोकं फुटायचं. बंबवाला येऊन विचारायचा, "आलं का नाक?" मी म्हणायचो, "गाडी झाकून ठेवा." मग हळूहळू एकेक वास परतायला लागला. आधी साबण. मग ओली माती. मग शेजारची फोडणी. एक दिवस मी त्याच्या गाडीमागं गुडघे टेकून बसलो, मान खाली घातली आणि म्हणालो, "येतोय."

त्यानं हात घालून बघितलं नाही. कोरडं आहे म्हणाला नाही. लगेच किल्ली काढून खिशात टाकली, चाकाला दगड लावला आणि आत शिरला. फिल्टरजवळच्या नळीला बारीक चीर गेली होती. नळी बदलून बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, "घराण्यातच आहे तुमच्या." सगळ्या जन्मात मला कुणी असं मानलं नव्हतं. आणि मानलं त्यानं, ज्यानं मानू नये असं मला वाटत होतं.

मागच्या हिवाळ्यात तोही गेला. झोपेत. गाडी मनमाडला त्याच्या पुतण्याकडे गेली. न्यायला आलेला पोरगा बॉनेट उघडून म्हणाला, काका, फिल्टर मागं कशाला, पुढं काचेचा छान दिसेल. मी त्याला वाळूच्या बादलीवर बसवलं आणि चिंधीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ऐकलं त्यानं. बादल्याही सोबत दिल्या.

आता मला कुणी हाक मारत नाही. नाक मात्र आहे. परवा तिचं कपाट उघडलं, ती गेल्यापासून पहिल्यांदा. पांढरी साडी वरच होती. खोबरेल तेलाचा वास आला, लसणाचा, आणि त्याच्या खाली आणखी एक वास, ज्याला नाव नाही. तो तिचा. इतकी वर्षं शेजारी झोपलो आणि तपकिरीपायी मला तो ठाऊकच नव्हता. मी साडीत तोंड घालून पेट्रोलचा वास कुठं आहे का ते बघितलं. पदर बघितला, काठ बघितले. नाही.

बंबवाल्यानं तिचं हसणं नेलं, तिचं शेवटचं बोलणं नेलं, लेणीवरून येतानाचा वारा नेला. हा वास त्याला कधी आला नाही, येणारही नव्हता. हा माझ्या एकट्याचा आहे. तो त्याच्यामुळं मिळाला, हे खुपतं. कपाट मी फार वेळ उघडं ठेवत नाही. हवेनं उडून जातो.