हक्कसोडीची साडी

सकाळचे साडेदहा. वाशीमच्या दुय्यम निबंधक कार्यालयासमोरचं लिंबाचं झाड. सर्व्हर बंद. झाडाखाली दस्त लिहिणारे बाबाराव, बाकावर सत्तरीचे देवराव आणि त्यांची विधवा बहीण सुमनबाई. वीस वर्षांपूर्वी सुमनबाईंनी माहेरच्या दोन एकरांवरचा हक्क याच झाडाखाली सोडला होता. त्या दिवशी देवरावांना तेच दोन एकर त्यांना परत द्यायचे होते.

सर्व्हर बंद पडला की इथे किस्से सुरू होतात. मी वार्ताहर. तीस वर्षांत छापलेल्या बातम्या रद्दीत गेल्या, घरातल्या घरात जमीन देणाऱ्यांचे किस्से मात्र वहीत साचत गेले. त्यातलेच काही मी त्या दोघांना सांगू लागलो.

किन्हीराजाची एक आजी पोराच्या नावावर शेत करून द्यायला आमच्या जिल्ह्यातल्याच मालेगावला आली होती. मशीनवर अंगठा उमटेना. पाचव्या वेळी ऑपरेटर वैतागला, अंगठ्याला झालं काय म्हणून विचारू लागला. आजी शांतपणे म्हणाली, "ज्या वावरात झिजला, तेच द्याले आली ना बाप्पा."

कारंजाचे एक निवृत्त मास्तर मुलाला घर बक्षीसपत्र करून देत होते. त्यांना अट घालायची होती : रोज उठल्याबरोबर चहा. वकील म्हणाले, असलं दस्तात लिहीत नाहीत. मास्तरांचा सवाल, घर दिल्यावर मला विचारणार कोण? मुलगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "लिहा वकीलसाहेब. पण बिनसाखरेचा लिहा, बाबाले शुगर हाय."

या झाडासमोर कापडाचं दुकान आहे. बहिणीने हक्क सोडला की भावाने तिला साडी-चोळी करायची, ही आमच्याकडची रीत. दुकानदार गिऱ्हाइकाला दारातच विचारतो, लग्नाची दाखवू की हक्कसोडीची? मी एकदा चिडून फरक विचारला. तो म्हणाला, "लग्नाची साडी बाई सोता पसंत करते, भाऊ. हक्कसोडीची तिले कोणी दाखवतच नाही."

हे ऐकून सुमनबाईंनी मांडीवरची पिशवी उघडली. आतून काढली घडीही न मोडलेली हिरवी साडी. वीस वर्षांपूर्वीची. जमीन परत मिळतेय, तर साडीही परत करायला आणली होती.

"नेसली काहून नाही तू?" देवरावांनी विचारलं.

"वावर नेसून राह्यली असं वाटे, दादा."



बारा वाजता सर्व्हर सुरू झाला. बाबारावांनी हिशेब मांडला. मुलाला, मुलीला, बायकोला, नातवाला शेत द्या, मुद्रांक शुल्क नाममात्र. बहीण त्या यादीत नाही. तिला द्यायचं तर बाजारभावावर टक्क्यांनी शुल्क. देवरावांच्या खिशात तेवढे नव्हते. बाबारावांनी मृत्युपत्र सुचवलं, ते स्वस्तात होतं.

"म्हंजे मी मेल्यावर? मंग माये पोरं हिले कोर्टात नेतीन. मले जितेपनी द्याचं हाय."

मी दोघांना घेऊन आत गेलो. देवरावांनी साहेबांना एवढंच विचारलं, "हिनं मले देल्लं तवा नाममात्र लागलं. आता मी हिले देतो, त महाग काहून?"

साहेब म्हणाले, नियम आहे. नियम मला माहीत होता, मी कारण विचारलं. ते म्हणाले, वर विचारा. मी तिथेच कारण विचारणारा अर्ज लिहिला, देवरावांची सही घेतली आणि अर्ज मिळाल्याचा आवकचा शिक्का मारून घेतला.

सुमनबाईंनी साडी पुन्हा पिशवीत घातली. दोघं दुपारच्या एसटीने गावी गेले.

त्याला आता आठ महिने झाले. मी दोन स्मरणपत्रं दिली. अर्जाला उत्तर आलेलं नाही. सातबाऱ्यावर देवरावांचंच नाव आहे.