चार नंबरचं बास्केट

ही गोष्ट सांगायचं मी चार वर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. ती रोज आठवायची आणि रोज मी तिला वळसा घालून पुढे जायचो. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी सुजाताचा फोन आला. सुजाता ही माझे मित्र मेश्राम यांची मुलगी, इथे सिंगापुरात क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात संशोधन करते. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात चहा गाळत उभा होतो. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी विचारणार नाही, असं मनात आलं... आणि पाठोपाठ स्वतःची इतकी किळस आली की तो चहा मी तसाच सिंकमध्ये ओतून दिला.

पुढच्या रविवारी इथल्या मराठी मंडळींनी कम्युनिटी सेंटरमधली एक खोली घेऊन शोकसभा ठेवली. मेश्रामांचा इथला सगळ्यांत जवळचा मित्र म्हणून मला बोलायला सांगितलं. मी बोललो. त्यांच्या अचूकपणाबद्दल बोललो, सचोटीबद्दल बोललो, योग्य जागी रुमालही काढला. बायकांनी डोळे पुसले. एक गृहस्थ नंतर जवळ येऊन म्हणाले, आपटे सर, तुम्ही असं बोललात की माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. तो माणूस खरोखर समोर उभा राहिला असता तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. त्या भाषणाची मला शिसारी येते. हे लिहितो आहे ते, ते भाषण परत घेण्यासाठी.

मी पुण्याचा. आयुष्यभर कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवलं आणि बास्केटबॉलच्या सामन्यांना टेबलवर बसून गुणपत्रक लिहिलं. निवृत्तीनंतर मुलाकडे सिंगापूरला आलो. मुलगा चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात, सून नोकरीत, नातवंडं शाळेत. दिवसभर घरात मी आणि खालून जाणारी एलआरटीची छोटी रेल्वे. त्या दिवसांत इथे व्यावसायिक बास्केटबॉलची एक छोटी लीग चालायची. क्लब खेळाडूंना पगार देत, प्रत्येक संघात एक-दोन परदेशी खेळाडू असत. मी सामने बघायला जाऊ लागलो. तिथे मागच्या रांगेत एक काळासावळा, किडकिडीत गृहस्थ मांडीवर वही घेऊन बसलेला दिसायचा. बास्केट झालं की मान न हलवता वहीत तिरकी रेघ मारायचा आणि शेजारी खेळाडूचा नंबर टाकायचा. ही आमच्या धंद्याची पद्धत. मी डोकावून वही बघितली तर आकडे मराठीत. "आकडे तरी मराठीत असू द्या म्हटलं जी," ते म्हणाले. मेश्राम, नागपूरचे, टपाल खात्यातून निवृत्त, मुलीकडे राहायला आलेले. त्यांच्या वस्तीत बास्केटबॉलचं मैदान होतं आणि लहानपणी उंची कमी पडली म्हणून त्यांना खेळायला न घेता गुण लिहायला बसवलं, ते कायमचेच बसले.

लीगला टेबलवर बसणारी माणसं हवीच होती. सहा महिन्यांत आम्ही दोघं तिथे पोचलो. मी गुणलेखक आणि मेश्राम माझे सहायक. बास्केट झालं की त्यांनी नंबर मोठ्याने सांगायचा, मी लिहायचा आणि त्यांनी फलकावरचा आकडा वाढवायचा. आम्ही आपसात मराठीत बोलत असू. आजूबाजूचे चिनी कार्यकर्ते हसायचे. त्यांच्या लेखी आम्ही दोघं 'द टू अंकल्स' होतो. एकाने एकदा मेश्रामांना इथल्या इंग्रजीत विचारलं, अंकल, यू प्ले लास्ट टाइम? म्हणजे पूर्वी खेळायचात का. मेश्राम म्हणाले, "नो नो, आय ओन्ली राइट." त्यावर तो, इथे प्रत्येक वाक्याला लागतं ते 'लाह' लावून म्हणाला, वा, सेम लाइक गॉड लाह. मेश्राम दिवसभर ते आठवून हसत होते.

त्यांचा खरा नाद मात्र यादीचा होता. दर हंगामात सर्वाधिक गुण कुणी केले, याची यादी. अमेरिकेतल्या मोठ्या लीगची त्यांची यादी नागपुरातच तयार झाली होती, टपाल खात्यात येणाऱ्या वर्तमानपत्रांतून उतरवलेली. इथे आल्यावर त्यांनी या छोट्या लीगची आणि तिच्या आधीच्या क्लब सामन्यांची यादी करायला घेतली. त्यासाठी ते वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्मची रिळं यंत्रावर तासन् तास फिरवत. यादी नुसत्या नावांची नव्हती. कुणाचे किती गुण फ्री थ्रोचे, किती लांबून मारलेले, सगळं असे. ती वाचून दाखवताना ते खेळाचा अख्खा इतिहास सांगायचे. सुरुवातीला वरच्या जागेवर नुसते उंच लोक, रिंगखाली उभे राहून चेंडू आत ढकलणारे. मग तीन गुणांची रेघ आली आणि ठेंगणे, चपळ लोक वर चढले. मग क्लबांकडे पैसा आला आणि परदेशी नावं सुरू झाली. एकदा मी म्हटलं, सर्वाधिक गुण करणारा म्हणजे सर्वांत चांगला खेळाडू असं थोडंच आहे. ते म्हणाले, "नाहीच जी. ज्याला जास्त चेंडू देतात, तो जास्त गुण करते. पण मोजायचं ठरवलं, तर मग बरोबर मोजलं पाहिजे."

चार वर्षांपूर्वीच्या हंगामात शेवटच्या सामन्यापर्यंत पहिल्या जागेसाठी दोघंच उरले होते, तेही एकाच संघातले. चार नंबरचा केल्विन हा इथलाच मुलगा, पाठीमागून खेळ बांधणारा. चौदा नंबरचा उंच अमेरिकन. त्याचे फोटो बसस्टॉपवर लागले होते. तिसऱ्या सत्रात रिंगखाली गर्दी झाली. चार-पाच हात वर होते, चेंडू रिंगवर आपटला आणि कुणाच्या तरी बोटांनी आत गेला. मेश्राम म्हणाले, चार. मी उंच हात बघितला होता, मी चौदा लिहिलं. "सर, चार होता जी. मी पाहून राहिलो होतो." मी वर न बघता म्हणालो, "तुम्ही फलक बघा, मेश्राम." गुण दोघांच्या एकाच संघाचे, त्यामुळे फलकावर काहीच चुकलं नाही. सामना संपला, पंचांनी सही केली. आमच्या खेळात पंचांची सही झाली की कागद हाच खरा. दुसऱ्या दिवशी बेरीज जाहीर झाली. ते एक बास्केट ज्याच्या नावावर, तो पहिला, इतकाच फरक होता. सर्वाधिक गुणांचा चषक अमेरिकनाला मिळाला.

इथपर्यंतची ती चूक होती. माणसाच्या हातून होते.

आठवड्याने लीगच्या मॅनेजरने मला ऑफिसात बोलावलं. संघाच्या कुणीतरी सामन्याची व्हिडिओ कॅसेट काढली होती. त्याने मला ते बास्केट दाखवलं, मग थांबवून, हळू करून पुन्हा दाखवलं. चार नंबर. चेंडूवर बोटं केल्विनची होती आणि अमेरिकनाचा हात एक वीत मागे होता. मी लीगला एका ओळीचं पत्र दिलं असतं, की नोंद करताना माझी चूक झाली, तर निकाल बदलता आला असता. मॅनेजर पत्र मागत नव्हता. उलट हसत म्हणाला, "अंकल, ट्रॉफी ऑलरेडी गिव्हन. व्हाय मेक ट्रबल?" मग सहज सांगितल्यासारखं सांगितलं की पुढच्या हंगामापासून टेबलवरच्या सगळ्यांचा प्रमुख मला करायचं ठरतं आहे. प्रमुखाला निळं जाकीट असतं, खिशावर लीगचं चिन्ह.

वाचकहो, मी त्या जाकिटासाठी गप्प बसलो. मोठी लालूच असती, धमकी असती, तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. पण घरात ज्याला कुणी काही विचारत नाही अशा म्हाताऱ्याला चारचौघांत निळं जाकीट घालून बसायचं होतं, बस. हंगाम सुरू झाला तेव्हा एसी हॉलमध्येही मला त्यात घाम यायचा आणि तरी मी ते काढायचो नाही.

त्याच सुमारास लीगला स्मरणिका काढायची होती आणि मेश्रामांची यादी त्यात छापायची होती. यादी गेली. शेवटच्या ओळीत त्यांनी केल्विनचं नाव लिहिलं होतं आणि खाली टीप, की तिसऱ्या सत्रातलं एक बास्केट चुकीच्या नंबरावर लागलं आहे, कॅसेट तपासावी. कॅसेट आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणीतरी काढली असेलच, असा साधा विश्वास होता. ऑफिसातून मला फोन आला. सहायकाने त्या वेळी हरकत घेतली होती का? मी म्हणालो, नाही. मग हे असं का लिहितात? फोनवर क्षणभर शांतता होती. ती मी भरून काढली. म्हणालो, त्यांना हल्ली नीट दिसत नाही, वय झालं.

कुणी मला हे बोलायला लावलं नव्हतं. माझं मीच बोललो.

स्मरणिकेत अमेरिकनाचं नाव छापलं गेलं आणि मेश्रामांना टेबलवरून विश्रांती देण्यात आली. चार दिवसांत आपल्या मराठी मंडळातही पसरलं की मेश्रामांचा जरा घोळ होतो म्हणे. मला कुणी उलट प्रश्न केला नाही. आपटे म्हणतात म्हणजे असेल. आपल्या लोकांत माझ्या आडनावाला जे वजन काही न करता मिळतं, ते मेश्रामांना दर वेळी नव्याने कमवावं लागायचं. हे मला पक्कं माहीत होतं. मी त्याचा फायदा घेतला. यावर आणखी काही लिहायला गेलो तर ते सारवासारव होईल.

आणि मेश्राम? ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. माझं बोलणं ऑफिसातून त्यांच्या कानावर गेलं होतं, पण त्यांना वाटलं, मी काळजीपोटी बोललो. "तुम्ही म्हणता म्हणजे काहीतरी दिसलं असेल तुम्हाला," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला. वाचनालयात जाणं थांबवलं, कारण रिळं वाचण्यात चूक झाली तर सगळी यादीच बिघडेल. सिग्नलवर हिरवा माणूस लागला तरी रस्ता ओलांडताना थबकू लागले. सुजाताची मुलगी त्यांना चिडवायची, आजोबा, ग्रीन मॅन ऑलरेडी लाह, व्हाय यू सो स्लो. ते हसायचे, पण तिचा हात धरून मगच पाऊल टाकायचे. मी शेजारून चालत असायचो. चांगली नजर असलेला माणूस आंधळ्यासारखा चालताना मी दोन महिने पाहिला.

मग सुजाताने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पुढच्या रविवारी आम्ही क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, नेहमीसारखे बसलो. त्यांनी दोन कॉफ्या आणल्या, माझी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "डोळे चांगले आहेत सर. डॉक्टर म्हणते, या वयात असे डोळे पाहिले नाही." मी म्हणालो, वा, छान झालं. ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर हळू आवाजात विचारलं, "मग काहून बोलले तसं?"

मी कॉफीत चमचा फिरवत म्हणालो, "मेश्राम, आता जुनं कशाला उकरता."

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दर रविवारी यायचे मात्र. नागपूरच्या संत्र्यांबद्दल, नातीच्या परीक्षेबद्दल बोलायचे, बास्केटबॉल सोडून कशाबद्दलही. त्यांनी मला टाकलं नाही, हीच माझी शिक्षा होती. मला ती सोसली नाही, म्हणून मीच रविवार चुकवायला लागलो. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. माझा गुडघा ठणठणीत आहे.

दोन वर्षांनी लीगच बंद पडली. ऑफिसच्या जागी आता मुलांच्या शिकवण्या चालतात. मेश्राम गेल्यावर मी केल्विनला शोधून फोन केला आणि सगळं सांगितलं. तो आता विमा विकतो. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अंकल, सो लाँग ऑलरेडी. नेव्हर माइंड लाह." मग माझी पॉलिसी आहे का, ते विचारलं. एवढं सोपं होतं ते. चार वर्षं मी ज्याला घाबरलो, ते दोन मिनिटांत उरकलं, आणि त्याची मला जास्तच लाज वाटली.

मेश्रामांसाठी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या बौद्ध विधीनंतर सुजाताने मला त्यांच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर यादीची फाइल. यादी पुरी झाली होती, शेवटच्या हंगामापर्यंत. फक्त एका ओळीत नावाची जागा कोरी होती. मी विचारायच्या आधीच सुजाता म्हणाली, "ती राहू दे म्हणाले होते बाबा. आपटे सर सांगतील तेव्हा लिहू, म्हणाले." तिला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. मी टेबलावरचं पेन घेतलं आणि केल्विनचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिने विचारलं, झालं काका? मी मान हलवली.

झालं नव्हतं. नाव लिहिणं म्हणजे माफी मागणं नव्हे. ते आता कुणालाही लिहिता येईल. जे मलाच बोलायचं होतं आणि त्यांनाच ऐकवायचं होतं, ते घेऊन मी पुंगोलहून क्लेमेंटीला तीनदा गेलो होतो. एकदा स्टेशनातूनच परतलो. एकदा त्यांच्या इमारतीखाली बाकावर बसून आलो. तिसऱ्यांदा दारापर्यंत पोचलो. त्यांनी दार उघडलं, या सर, म्हणाले, पाणी दिलं, समोर बसले आणि वाट बघत राहिले... आणि मी विचारलं की तुमच्याकडे नळाला फिल्टर लावला आहे का. त्यांनी मला फिल्टर दाखवला.

मेश्राम, चार नंबरच होता. तुमचे डोळे कधीच बिघडले नव्हते. मी खोटं बोललो, आणि ते खोटं आहे हे मला बोलताना माहीत होतं. मला माफ करा.